गंजाचं गाणं

माणसाला छंद असावा, पण तो खिशात मावणारा असावा, असं माझं बी.कॉम. मत आहे. पोस्टाची तिकिटं जमवणारा माणूस बदली झाली तर छंद पाकिटात घालून निघतो. आमचे भाऊजी मात्र स्पूलवाले टेपरेकॉर्डर जमवतात. एकेक धूड उचलायला दोन माणसं लागतात, त्यातला दुसरा माणूस नेहमी मी असतो. ताई विचारते, "पाहुणा आला तर त्याला कुठल्या मशीनवर निजवू?" भाऊजी उत्तर देत नाहीत. ते इतिहास सांगतात, आणि टॉर्च धरून उभा असल्यामुळे मला तो ऐकावा लागतो.

१८९८ साली वाल्डेमार पोलसेन या डॅनिश गृहस्थाने पोलादी तारेवर आवाज साठवला. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ऑस्ट्रियाचे सम्राट फ्रान्झ जोसेफ त्या यंत्रापुढे चार शब्द बोलले. साम्राज्य बुडालं, आवाज शिल्लक आहे. ठेव कुठे ठेवावी हे सम्राटांनाही कळत नाही, तिथे आमच्या खातेदारांचं काय!

मग आले जर्मनीतले फ्रिट्झ फ्लॉइमर. सिगारेटच्या टोकाला सोनेरी पट्टा स्वस्तात कसा चिकटवावा, यात त्यांचा हातखंडा. तीच युक्ती वापरून १९२८ साली त्यांनी कागदाच्या पट्टीवर लोखंडाची भुकटी चिकटवली, आणि फीत जन्माला आली. पुढे त्या जागी लोहाचं ऑक्साइड आलं, म्हणजे गंजाचंच भावंडं. ताई खिडकीच्या गजांवरून जे घासून काढते, ते भाऊजी डब्यात घालून जपतात!

१९३५ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात 'मॅग्नेटोफोन' हे यंत्र आलं. आधी त्यात खरखर फार. ऐकू न येणारा, अतिजलद कंपनांचा प्रवाह मिसळला की ती जाते, हे १९४० मध्ये उमगलं. त्यामुळे युद्धाच्या काळात इंग्लंडात बसलेले अमेरिकन सैनिक जॅक मुलिन चक्रावले. जर्मन रेडिओवर मध्यरात्री वाद्यवृंद इतका स्वच्छ वाजे, की हे वादक झोपतात कधी? १९४५ मध्ये बाड नाउहाइमच्या रेडिओ केंद्रात त्यांना उत्तर सापडलं. दोन यंत्रं सुटी करून, पन्नास फितींसह, त्यांनी चक्क टपालाने घरी पाठवली. आमच्याकडे साधं चेकबुक पोचत नाही.

अमेरिकेत गायक बिंग क्रॉस्बी ठरल्या वेळी रेडिओवर हजर राहायला कंटाळले होते. त्यांना गोल्फ खेळायचा असे. १९४७ पासून त्यांचा कार्यक्रम फितीवर जाऊ लागला. 'अँपेक्स' या चिमुकल्या कंपनीत त्यांनी ५०,००० डॉलर घातले, आणि १९४८ मध्ये तिची यंत्रं बाजारात आली. आळसाला योग्य भांडवल मिळालं की त्याला प्रगती म्हणतात.

त्याच कार्यक्रमात एका विनोदी पाहुण्याचे किस्से इतके चावट निघाले की ते कापावे लागले. हशा मात्र मुलिननी जपून ठेवला, आणि पुढे एका फिक्या कार्यक्रमाला चिकटवला. डबाबंद हशाची ही जन्मकथा वाचून मला भरून आलं. माझ्या लेखांना अशी सोय असती तर!

हे सगळं ऐकूनही मी ताईच्याच पक्षात होतो. मग कळलं की फितीलाही आयुष्य असतं. काही जुन्या फितींमधलं भुकटी धरून ठेवणारं द्रव्य दमट हवेने चिकट होतं, आणि वाजवताना भुकटी सुटून येते. जाणकार अशी फीत साधारण पन्नास-पंचावन्न अंशांवर तासन्‌तास शेकतात. मग ती थोडे दिवस वाजते, तेवढ्यात नक्कल करून घ्यायची. बरं, फीत धड असली तरी यंत्र हवंच. बँकेच्या भाषेत, फीत म्हणजे लॉकर आणि मशीन म्हणजे किल्ली. लोक लॉकर जपतात आणि किल्ली भंगारवाल्याला किलोवर विकतात.

भाऊजींच्या डब्यात एक स्पूल आमच्या आजीचं आहे. आजी ओव्या म्हणतेय, आणि मध्येच कुणाला तरी सांगतेय, "दूध बघ गं, उतू जाईल." ती कुणाला सांगतेय ते आता कुणालाच ठाऊक नाही. पण ते वाक्य आलं की ताई आजही स्वयंपाकघराकडे बघते.

पाहुणे हल्ली आमच्याकडे निजतात.