गाठी नसलेल्या गाठींची गोष्ट

हल्ली चार बायका जमल्या की 'पीसीओडी' हा शब्द कानावर पडतोच. डॉक्टर त्याला पीसीओएस म्हणतात. आपली ठाम समजूत अशी, की हा पिझ्झा-बर्गरच्या पिढीचा आजार. तसं मुळीच नाही बरं का!

१७२१ साली इटलीतल्या अंतोनियो वालिस्नेरी या वैद्याने एका शेतकरी बाईबद्दल लिहून ठेवलंय. तरुण, लग्न झालेली, जराशी स्थूल, मूलबाळ नाही. तिचे दोन्ही बीजांडकोश मोठे, खडबडीत, पांढुरके... पारव्याच्या अंड्यांसारखे. पिझ्झा नव्हे, शेतात राबणारी बाई!

मग एकदम १९२१, पॅरिस. आशार आणि तिएर या दोन डॉक्टरांनी एका दुखण्याला नाव दिलं : 'दाढीवाल्या बायकांचा मधुमेह'. नाव ऐकून अंगावर काटा येतो. पण बघा, चेहऱ्यावरचे केस आणि रक्तातली साखर यांचा काही संबंध आहे, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. धागा हाती आला होता.

तो सुटला, असं मला वाटतं, १९३५ मध्ये. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल यांनी सात बायकांची हकीकत छापली. पाळी बंद, बीजांडकोश फुगलेले आणि त्यांत बारीक बारीक फुगे. त्यांनी पोट उघडून दोन्ही बीजांडकोशांचे पाचरीसारखे तुकडे कापून काढले. सातही जणींची पाळी सुरू झाली, दोघींना दिवस राहिले. आजाराला या दोघांचं नाव पडलं. काम मोठंच होतं, वाद नाही. केस, वजन या गोष्टी त्यांनाही दिसल्या होत्या. पण नावात गेलं ते पोट उघडल्यावर दिसलेलं, आणि यश मोजलं गेलं ते पाळी आणि मूल यांवर. बाईच्या बाकीच्या शरीराचं काय? असो.

गंमत म्हणजे त्या गाठी गाठी नाहीतच. बीज ज्यात वाढतं त्या इवल्याशा पिशव्या अर्ध्यात अडकून राहिलेल्या असतात, एवढंच. त्या अडकतात कशाने? पुष्कळ जणींच्या शरीराला इन्सुलिन नीट लागू पडत नाही, म्हणून स्वादुपिंड ते जास्त सोडतं. हे जास्तीचं इन्सुलिन बीजांडकोशाला डिवचतं आणि तो पुरुषी संप्रेरकं जास्त बनवू लागतो. मग मुरुमं, हनुवटीवर केस, डोक्यावरचे विरळ, पाळी लांबलेली. इन्सुलिनचा हा संबंध संशोधनातून पुढे आला तो १९८० मध्ये. आशार-तिएर यांच्यानंतर जवळजवळ साठ वर्षांनी!

२००३ मध्ये रॉटरडॅमला तज्ज्ञांनी तीन खुणा ठरवल्या : अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकं वाढल्याची लक्षणं, आणि सोनोग्राफीतले बीजांडकोश. तीनपैकी दोन असल्या आणि दुसरं कारण नसलं तर पीसीओएस. म्हणजे सोनोग्राफी स्वच्छ असूनही हा आजार असू शकतो. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका तज्ज्ञ समितीने तर हे नावच दिशाभूल करणारं आहे, बदला, असं सुचवलं.

आपल्याकडे मात्र सगळं अजून सोनोग्राफीच्या कागदाभोवतीच फिरतं. ओळखीतली एक मुलगी, वय एकोणीस. रिपोर्ट बघून तिला सांगण्यात आलं, आत्ता काही नाही, लग्न ठरलं की या. आईलाही हायसं वाटलं. खरं तर पहिल्या पाळीपासून आठ वर्षं होईपर्यंत सोनोग्राफीवरून हे निदान करूच नये, असं २०१८ चे आंतरराष्ट्रीय निर्देश सांगतात. २०२३ चे निर्देश म्हणतात, निदान झालं की वय-वजन काहीही असो, साखर तपासा, आणि मन खचलंय का तेही विचारा. शिवाय महिनोन् महिने पाळी आलीच नाही तर गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं, पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. तो काही लग्नपत्रिका छापायची वाट बघत नाही.

त्या मुलीची साखर अजून कुणी तपासलेली नाही. मी तिच्या आईला फोन करणार आहे.