धूर थांबल्यावरची चित्रं

कारखान्यांच्या चित्रात आधी आली ती आग. १८०१ साली फिलिप जेम्स द लुथरबर्ग यांनी इंग्लंडमधल्या कोलब्रुकडेलच्या लोखंडाच्या भट्ट्या रात्रीच्या रंगवल्या. हे गृहस्थ पूर्वी लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहाचे नेपथ्यकार होते, आणि चित्र पाहिलं की ते पटतं. मागे लालपिवळा आगडोंब, पुढे अंधारात घोडे, इमारतींच्या नुसत्या काळ्या आकृत्या.

बंद पडलेल्या गिरणीला खरा मान दिला तो, माझ्या मते, अमेरिकेच्या चार्ल्स शीलर यांनी. पण आधी, १९२७ मध्ये, फोर्डच्या चालत्या रिव्हर रूज कारखान्याची छायाचित्रं काढायला त्यांना पाठवलं होतं. त्यातूनच पुढे १९३० चं ‘अमेरिकन लँडस्केप’ हे चित्र आलं. चालता कारखाना, वर जाणारा धूर, स्वच्छ कडा, आणि रुळांवर मुंगीएवढा एकच माणूस.

मग १९४६ साली मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हरला पाहुणे चित्रकार म्हणून गेले असताना त्यांना जवळच बॅलर्डवेलची ओस पडलेली गिरणी दिसली. ‘बॅलर्डवेल’ या चित्रात आपण खालून वर पाहतो. विटांची चिमणी आभाळात घुसलेली, तिच्या भोवती भिंतींचे कोन आणि धारदार सावल्या. दोनच वर्षांनी अमेरिकेतल्याच मँचेस्टरच्या करियर कलादालनाने त्यांना तिथल्या अ‍ॅमॉस्केग गिरण्या रंगवायला बोलावलं. एके काळी जगात मोठा म्हणून गाजलेला हा कापडाचा कारखाना १९३० च्या दशकातच बंद पडला होता. या काळात शीलर छायाचित्रांच्या निगेटिव्ह एकमेकींवर ठेवून पाहत आणि त्या गुंत्यातून चित्राची मांडणी ठरवत. त्यामुळे एका भिंतीतून दुसरी भिंत दिसते, उन्हातून सावली दिसते. मशीनचं कौतुक संपलं आणि नजर विटांवर आली, ती अशी.

आपल्याकडे हा धागा चित्रकार सुधीर पटवर्धन यांच्यापाशी येतो. व्यवसायाने ते २००५ पर्यंत रेडिओलॉजिस्ट होते, राहणार ठाण्याचे. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि मुंबईचा गिरणगाव पुन्हा पूर्वीसारखा उभा राहिला नाही. २००१ मध्ये पटवर्धनांनी त्याच गिरणगावातलं ‘लोअर परळ’ रंगवलं. त्यांच्या चित्रांत शहराच्या जोडीने माणसं असतात, कष्ट करणारी, वाट पाहणारी. शीलर यांच्या ओस गिरण्या कितीही सुंदर असल्या, तरी तिथे राबलेल्या हातांची उणीव मला डाचतेच.