पाटीवरचे तीन शब्द

गेल्या जुलैत मी भाचीला घेऊन आमच्या भागातल्या एका खासगी विद्यापीठात गेलो होतो. बारावीला तिला बरे गुण पडले होते, सीईटीही बऱ्यापैकी गेली होती. आवार पाहून ती हरखून गेली. काचेच्या इमारती, वातानुकूलित ग्रंथालय, रोबोटिक्सची प्रयोगशाळा, मुलींचे वेगळे वसतिगृह, चाकण-तळेगावच्या कंपन्यांची नावे लिहिलेला भलामोठा फलक. कॅन्टीनमध्ये मिसळ खाताना ती म्हणाली, "मामू, इथेच घेऊ या ना ॲडमिशन."

प्रवेशाच्या खिडकीवर मी विचारले, "मुलींची फीमाफी इथे लागू आहे का?" खिडकीतल्या मुलीने खरे ते सांगितले. "नाही सर. आमचे खासगी विद्यापीठ आहे. ती योजना कॉलेजांना आहे."

आम्ही तांबोळी. भाचीकडे ओबीसीचा दाखला आहे, नॉन-क्रिमिलेअर आहे. मेहुणे चाकणला टेम्पो चालवतात, त्यामुळे उत्पन्नाची अट आडवी येण्याचा प्रश्नच नाही. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. प्रवेश मात्र शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. त्याच निर्णयात आणखी एक ओळ आहे : खासगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठे वगळून.

परतताना बसमध्ये भाचीने विचारले, "बाहेरून तर सगळी कॉलेजे सारखीच दिसतात. मग हा फरक आला कुठून?" तिला मी जे सांगितले तेच इथे जरा सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही.

सुरुवात कोल्हापुरापासून करावी लागेल. गरिबाच्या मुलाला शिकवायचे तर आधी त्याच्या राहण्या-जेवण्याची सोय लावली पाहिजे, हे छत्रपती शाहू महाराजांनी ओळखले होते. म्हणून कोल्हापुरात जातवार वसतिगृहे निघाली. त्यांतच 1906 साली मुस्लिम बोर्डिंग सुरू झाले आणि महाराजांनी त्या संस्थेचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतले. पुढे 1919 मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या त्यांच्या वसतिगृहात सगळ्या जातिधर्मांची मुले एका पंगतीला जेवत, आणि ‘कमवा आणि शिका’ हा तिथला नियम होता. याही संस्था खासगीच होत्या, सरकारने काढलेल्या नव्हत्या. पण त्या लोकवर्गणीवर, दानावर आणि पुढे सरकारी अनुदानावर चालल्या. मुलाची फी हा त्यांचा पाया नव्हता.

आता आपल्या पिंपरी-चिंचवडकडे येऊ. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि भोसरी, चिंचवड, आकुर्डीच्या माळरानावर कारखाने आले. 1970 मध्ये नगरपालिका झाली, 1982 मध्ये महानगरपालिका. माझे अब्बा परांड्याहून इथे आले ते याच काळात. ते टर्नर होते. त्यांच्या पिढीचे विद्यापीठ म्हणजे आयटीआय आणि कारखान्यातली ॲप्रेंटिसशिप. मुलगा कायम झाला की मोहल्ल्यात पेढे वाटले जात. इंजिनिअर म्हणजे केबिनमध्ये बसणारा साहेब, तो आपल्या घरात होऊ शकतो असे कुणाच्या मनातही येत नसे. सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजे मोजकी होती आणि जागा त्याहून मोजक्या. ज्यांच्याकडे पैसा होता ते मुलांना कर्नाटकात पाठवत, तिथे देणगी भरून प्रवेश मिळे.

हा पैसा बाहेर जाण्याऐवजी महाराष्ट्रातच कॉलेजे का काढू नयेत, असा प्रश्न पुढे आला. 1983 मध्ये मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित तत्त्वावर इंजिनिअरिंग कॉलेजे काढायला परवानगी दिली. दादा स्वतः फारसे शिकलेले नव्हते, पण त्यांच्या या एका निर्णयाने महाराष्ट्राच्या शिक्षणाचा नकाशा बदलला. कोल्हापूरचे डी. वाय. पाटील या वाटेवरचे एक प्रमुख नाव. त्यांच्या संस्थेचे पिंपरी-आकुर्डीचे इंजिनिअरिंग कॉलेज 1984 चे. 1990 मध्ये पिंपरी चिंचवड एज्युकेशन ट्रस्ट स्थापन झाला आणि 1999 मध्ये त्यांचे निगडीचे इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झाले. कामगारनगरीच्या पोटातच इंजिनिअर घडू लागले. माझ्या पिढीतली काही मुले याच कॉलेजांतून शिकली, हे विसरून केवळ टीका करणे बरोबर होणार नाही.

पण अनुदान नाही म्हटल्यावर खर्च आला विद्यार्थ्यावर. देणगीच्या तक्रारी वाढल्या आणि कॅपिटेशन फी बंदीचा 1987 चा कायदा करावा लागला. पुढची लढाई न्यायालयात झाली. मेरठच्या मोहिनी जैन हिच्याकडे कर्नाटकातल्या एका मेडिकल कॉलेजने वर्षाला 60 हजार रुपये मागितले होते, सरकारी जागेवरच्या मुलाला मात्र 2 हजार पडत. 1992 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅपिटेशन फी बेकायदा ठरवली. 1993 च्या उन्नीकृष्णन खटल्यात अर्ध्या जागा कमी फीच्या आणि अर्ध्या जास्त फीच्या, अशी योजना आली. 2002 मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने ती योजनाच रद्द केली.

या मालिकेतले पुढचे नाव आपल्या पुण्याचे आहे. 2005 चा ‘पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र सरकार’ हा खटला. इनामदार म्हणजे आझम कॅम्पसचे. महाराष्ट्र कॉस्मोपॉलिटन एज्युकेशन सोसायटीची ही संस्था 1948 सालची. कॅम्पातल्या त्या आवाराने मुस्लिम मुला-मुलींच्या अनेक पिढ्या शिकवल्या. या खटल्यात सात न्यायमूर्तींनी सांगितले की, विनाअनुदानित खासगी संस्थांवर, मग त्या अल्पसंख्याकांच्या असोत वा नसोत, सरकारला आपले आरक्षण लादता येणार नाही. नफेखोरी आणि कॅपिटेशनला बंदी कायम राहिली, अनिवासी भारतीयांसाठी 15 टक्क्यांपर्यंत जागांना मुभा मिळाली.

निकालाला उत्तर म्हणून संसदेने त्याच वर्षी 93 वी घटनादुरुस्ती केली आणि कलम 15(5) आणले. खासगी संस्थांतही मागासवर्गीयांना आरक्षण देता येईल, अल्पसंख्याक संस्था मात्र त्यातून वगळल्या. त्या आधारे महाराष्ट्राने 2006 मध्ये कायदा केला. म्हणजे एका मुस्लिम शिक्षणसंस्थाचालकाच्या नावाने गाजलेल्या खटल्याने खासगी शिक्षणाला बळ मिळाले, आणि खासगी कॉलेजातली तांबोळी, बागवान, अत्तार मुलांची ओबीसी जागा मात्र त्या निकालाला वळसा घालणाऱ्या घटनादुरुस्तीमुळे टिकली. संस्थेचे स्वातंत्र्य आणि विद्यार्थ्याचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण समाज म्हणून बहुधा पहिलीबद्दलच बोलतो. दुसरीसाठी जालन्याच्या शब्बीर अन्सारींसारख्या माणसांनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, त्यांच्या सभांना दिलीपकुमार येत. ती चळवळ नसती तर भाचीच्या हातात तो दाखलाच नसता. 2014 च्या जुलैत अध्यादेशाने आलेले मुस्लिमांचे 5 टक्के आरक्षण उच्च न्यायालयाने शिक्षणापुरते राहू दिले होते, पण त्याचा कायदा झालाच नाही आणि अध्यादेश विरून गेला. हाती राहिले ते ओबीसीचे आणि ईडब्ल्यूएसचेच दार.

मग तिसरा टप्पा आला. विनाअनुदानित कॉलेज पुणे विद्यापीठाला संलग्न असे, अभ्यासक्रम आणि पदवी विद्यापीठाची. संस्था मोठ्या झाल्या तसे त्यांना स्वतःचे विद्यापीठ हवेसे वाटू लागले. पिंपरीचे डॉ. डी. वाय. पाटील विद्यापीठ 2003 मध्ये अभिमत झाले. त्यानंतर विधिमंडळाच्या स्वतंत्र कायद्यांनी खासगी विद्यापीठे आली. आकुर्डीत डी. वाय. पाटील इंटरनॅशनल युनिव्हर्सिटी, मावळात साते इथे पिंपरी चिंचवड युनिव्हर्सिटी. आकुर्डीच्या संकुलात तर पुणे विद्यापीठाला संलग्न कॉलेज आणि खासगी विद्यापीठ शेजारी शेजारी आहेत. नवा विषय लवकर सुरू करता येतो, उद्योगांना हवे ते शिकवता येते, हा खासगी विद्यापीठाचा खरा फायदा आहे. पण कायदा बदलला की सवलतीचे दारही बदलते, हे आवारात फिरताना दिसत नाही.

आवारातले जीवन मी नाकारत नाही. त्या दिवशी मी तिथे हिजाब घातलेल्या मुली पाहिल्या, ढोलपथकाचा सराव पाहिला, बिहार-केरळची मुले एका टेबलावर चहा पिताना पाहिली. शुक्रवार होता. गेटवरच्या रखवालदाराला जवळची मशीद विचारली तर तिथलाच एक विद्यार्थी म्हणाला, "चला, आम्ही निघालोच आहोत," आणि मला त्याच्या दुचाकीवर घेऊन गेला. अशी सरमिसळ आमच्या मोहल्ल्यात होत नाही. मुलांना ती मिळायला हवी. पण तो मुलगा बोलता बोलता म्हणाला की, वडिलांनी गावाकडची जमीन गहाण टाकून कर्ज काढले आहे. हायवेच्या पलीकडे त्याच्याच वयाची मुले गणवेशात कंपनीच्या बसची वाट पाहत उभी होती, ट्रेनी म्हणून, कंत्राटावर. अब्बांसारखे कायम होण्याची आशा त्यांना नाही. एका बाजूला कर्ज, दुसऱ्या बाजूला कंत्राट. यातून आपल्या मुलांना वाट काढायची आहे.

म्हणून वाचकांना एवढेच सांगणे आहे. इमारत पाहण्याआधी पाटी वाचा. ‘संलग्न’, ‘अभिमत’ की ‘खासगी विद्यापीठ’, हे तीन शब्द नीट पाहा. प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून आहे की संस्थेच्या पातळीवर, ते विचारा. दाखले, नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला बारावीच्या निकालाआधीच काढून ठेवा. आणि मशिदीच्या कमिटीत, जमातीच्या बैठकीत ही माहिती मे महिन्यातच सांगा, ऑगस्टमध्ये नव्हे.

भाचीने केंद्रीय प्रक्रियेतून एका संलग्न कॉलेजात प्रवेश घेतला. तिथली इमारत जुनी आहे, ग्रंथालयात पंखे आहेत. पहिल्या आठवड्यात ती थोडी नाराज होती. मग एके दिवशी फीची पावती घेऊन माझ्याकडे आली. शिक्षण शुल्काच्या रकान्यात शून्य होते. म्हणाली, "मामू, हे मी अम्मीला फ्रेम करून देणार आहे."

तिच्या आजोबांच्या कायम झाल्याच्या पत्राचीही आमच्या घरात फ्रेम आहे. दोन्ही आता एकाच भिंतीवर लागतील.