मंद लेसर आणि पोटाचा घेर

विज्ञानाच्या इतिहासात फसलेल्या प्रयोगांचे स्थान फार मोठे आहे. बुडापेस्ट येथील शल्यविशारद एन्द्रे मेश्टर यांचा प्रयोग अशांपैकीच एक होय. १९६० साली अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी कृत्रिम माणकाच्या कांडीतून लेसर किरण प्रथम निर्माण केला. त्यानंतर अल्पावधीतच या एकरंगी प्रकाशाचा कर्करोगाशी काय संबंध पोचतो, याचा शोध सुरू झाला. मेश्टर यांनी १९६७ च्या सुमारास त्याच हेतूने उंदरांच्या अंगावरील केस भादरून तेथे मंद लेसर सोडला. जे पाहावयाचे होते ते दिसले नाही. मात्र किरण पडलेल्या जागी केस लवकर उगवले. पुढे जखमाही लवकर भरतात असे त्यांना आढळले. जाळण्याकापण्याच्या साधनाचा हा सौम्य गुण येथे प्रथमच दृष्टोत्पत्तीस आला.

प्रकाशाने रोग हटविण्याची कल्पना मात्र नवी नव्हती. डेन्मार्कचे नील्स फिन्सेन यांनी त्वचेच्या क्षयावर प्रकाशाचा उपचार केला आणि त्याबद्दल १९०३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मेश्टर यांचा मंद लेसर याच परंपरेतला. परंतु व्रण भरून काढणारा हा किरण पोटावरील मेदाकडे वळला कसा?

याचे उत्तर कोलंबियातील शल्यविशारद रोड्रिगो नेइरा यांच्या संशोधनात सापडते. शस्त्रक्रियेत काढलेल्या पोटावरील मेदावर त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ६३५ नॅनोमीटर तरंगलांबीचा, अवघ्या १० मिलिवॅट शक्तीचा तांबडा लेसर सोडला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, सहा मिनिटांत मेदपेशींतील जवळजवळ सर्व चरबी बाहेर आली. पेशी फुटली नव्हती, जळलीही नव्हती. तिच्या आवरणाला तात्पुरते छिद्र पडून चरबी पाझरली, असा त्यांनी निष्कर्ष काढला. दोनच वर्षांनी, २००४ साली, अमेरिकेतील ब्राऊन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रकार तपासून पाहिला, तेव्हा त्यांना मेदपेशींत असा कोणताच बदल आढळला नाही. अशा रीतीने मूळ कारणाविषयीच मतभेद राहिला.

कारणाचा वाद मिटण्याची वाट व्यवहार पाहत नाही. २००९ साली अमेरिकेत ६७ व्यक्तींवर झालेल्या चाचणीचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. काहींना दोन आठवड्यांत सहा वेळा खरा लेसर दिला गेला, तर काहींना केवळ लेसरचा देखावा. कंबर, नितंब व दोन्ही मांड्या यांचा घेर एकत्र मोजला असता लेसर घेणाऱ्यांचा घेर सरासरीने ३.५१ इंचांनी, तर इतरांचा ०.६८ इंचाने घटला होता. फरक खरा होता, यात शंका नाही. तथापि चार ठिकाणच्या बेरजेचा हा आकडा वाटून घेतला, तर प्रत्येक जागेच्या वाट्याला इंचभरही येत नाही. २०१० साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा यंत्रास परवानगी दिली, ती घेर कमी करण्यापुरती. लुइझियाना राज्यातील पेनिंग्टन संशोधन केंद्राच्या २०११ सालच्या प्रयोगातही चार आठवड्यांच्या अखेरीस उपचार घेतलेल्यांच्या व न घेतलेल्यांच्या कंबरेच्या घेरात सुमारे दोन सेंटिमीटरचा फरक दिसला.

येथे मुख्य प्रश्न उभा राहतो. घेर घटला म्हणजे स्थूलतेचा रोग घटला काय?

या प्रश्नाचा धागा बराच मागे जातो. १९४७ साली फ्रान्समधील मार्सेयचे वैद्य झां वाग यांनी दाखवून दिले की, मेद किती आहे याइतकेच तो शरीरात कोठे साठला आहे, यालाही महत्त्व असते. धडाच्या वरच्या भागात साठणारा मेद मधुमेह व रक्तवाहिन्यांचे विकार यांना अधिक आमंत्रण देतो. पुढे असेही ध्यानी आले की, त्वचेखालचा मेद निराळा आणि उदरपोकळीत आतड्यांभोवती साचलेला मेद निराळा. मंद किरण पोहोचावयाचा तो त्वचेखाली. आतला मेद त्याच्या आटोक्याबाहेरच राहतो.

२००४ साली सॅम्युएल क्लाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाचा निवाडा करणारा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात लेसर नव्हता. १५ स्थूल स्त्रियांच्या पोटावरील त्वचेखालचा सुमारे ९ ते १० किलो मेद शस्त्रक्रियेने शोषून काढला होता. तीनएक महिन्यांनी तपासले असता रक्तदाब, रक्तातील साखर, कोलेस्टेरॉल आणि इन्सुलिनला शरीर देत असलेला प्रतिसाद यांत सुधारणा आढळली नाही. इतका मेद काढूनही जे साधले नाही, ते दोन सेंटिमीटरने साधेल अशी आशा कशाच्या बळावर धरावी?

त्याच वर्षी पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण जगापुढे ठेवले. उंचीच्या मानाने काढलेला दोघांच्या वजनाचा निर्देशांक एकच, २२.३, परंतु शरीरातील मेद एकाचा ९.१ टक्के, तर याज्ञिकांचा २१.२ टक्के. बाहेरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय देहात मेद कसा दडून राहतो, याचा याहून बोलका पुरावा कोणता?

मेदपेशीतून पाझरलेली चरबी शरीराबाहेर पडत नाही. ती श्रमाने खर्ची पडली नाही, तर पुन्हा साठविली जाते. म्हणूनच आहार आणि व्यायाम यांचे जुने ऋण कोणत्याही किरणाने फिटलेले नाही. शिंप्याची टेप खोटे बोलत नाही. ती फक्त विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. कपडा सैल झाला काय, हा एक प्रश्न. आयुष्य निरोगी झाले काय, हा दुसरा. मंद लेसरच्या अर्धशतकाहून अधिक काळाच्या इतिहासाने पहिल्याचे उत्तर ‘थोडेसे’ असे दिले आहे. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला लावून द्रव्य वेचणाऱ्याने हा भेद आधीच ओळखलेला बरा.