गाठ आणि पुरावा : प्रस्तावना

स्तनाच्या कर्करोगाविषयी मराठीत लिहिले जात नाही असे नाही. पण ऑक्टोबर उजाडला की पुरवण्यांमधून ‘लवकर निदान, हमखास बरे’ असा धीर मिळतो आणि वर्षाचे उरलेले अकरा महिने ऐकीव गोष्टी चालतात : सुई टोचली की पसरतो, शस्त्रक्रियेत हवा लागली की पसरतो, बाहेर कळले तर लेकीचे लग्न अडते. या दोहोंच्या पलीकडे सव्वाशे वर्षांचा, वादांनी भरलेला एक अभ्यास आहे. त्यात पहिल्यांदाच शिरू पाहणाऱ्यांसाठी, म्हणजे परिचारिकांसाठी, समाजकार्याच्या विद्यार्थ्यांसाठी, आणि केवळ कुतूहल म्हणून पुस्तक उचलणाऱ्यांसाठीही, हा ग्रंथ आहे. वैद्यकाची पदवी लागत नाही. ‘हे कशावरून?’ असे विचारायची खोड मात्र हवी.

त्या खोडीचा इतिहास १८९० च्या दशकापासून सांगता येतो. अमेरिकेत बाल्टिमोरला विल्यम हॉल्स्टेड स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी असे सगळे एकत्र काढत असत. रोग मुळापासून खणून काढायचा, हा विचार इतका पटण्यासारखा होता की पुढची सत्तर-ऐंशी वर्षे त्याला फारसे कुणी आव्हान दिले नाही. बायकांचे हात सुजत, खांदे आखडत. पण जीव वाचतो म्हटल्यावर बोलणार कोण? मग इटलीत उंबेर्तो व्हेरोनेसी आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी १९७० च्या दशकात चाचण्या लावल्या. काही स्त्रियांचा पूर्ण स्तन काढला, काहींची फक्त गाठ किंवा गाठ असलेला भाग. २००२ मध्ये वीस वर्षांचे निकाल प्रसिद्ध झाले : जगण्यात फरक नाही. फिशर यांच्या चाचणीत नुसती गाठ काढलेल्यांपैकी सुमारे ३९ टक्के स्त्रियांच्या त्याच स्तनात रोग पुन्हा उद्भवला. गाठ काढून वर किरणोपचार घेतलेल्यांत हे प्रमाण १४ टक्के होते. म्हणून आज ‘स्तन वाचवायचा’ म्हटले की किरणोपचार सहसा सोबत येतातच. तरीही ‘सगळेच काढून टाका, कटकट नको’ हा आग्रह आपल्याकडे अजून ऐकू येतो, आणि पुष्कळदा तो रुग्णाचा नसतो, घरच्यांचा असतो.

तपासणीचा प्रश्न याहून अवघड आहे. रोग लवकर सापडला म्हणजे जीव वाचला, असे आपण धरून चालतो. समजा, एका स्त्रीला साठाव्या वर्षी या रोगाने मृत्यू येणार आहे. गाठ सत्तावन्नाव्या वर्षी हाताला लागली तर ती निदानानंतर तीन वर्षे जगली असे आपण म्हणू. यंत्राने बावन्नाव्या वर्षी पकडली तर आठ वर्षे. आकडा फुगला, आयुष्य एका दिवसानेही वाढले नाही. म्हणून या क्षेत्रात ‘निदानानंतर किती जगल्या’ यावर भागत नाही. तपासलेल्या आणि न तपासलेल्या गटांत या रोगाने झालेले मृत्यू मोजावे लागतात, तेही पंधरा-वीस वर्षे थांबून.

इतका धीर मुंबईने दाखवला आहे. १९९८ मध्ये टाटा स्मारक रुग्णालयाने शहरातल्या झोपडवस्त्यांचे वीस गट घेतले. ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रिया. दहा गटांत दर दोन वर्षांनी, एकूण चार वेळा, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हाताने स्तनतपासणी केली. उरलेल्या दहांत एकदा माहिती दिली आणि पुढे फक्त लक्ष ठेवले. मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाची क्ष-किरण तपासणी, नाही. हाताची तपासणी म्हणजे वरवर चाचपणे नव्हे. मधल्या तीन बोटांच्या पेरांचा मऊ भाग टेकवून लहान गोल काढायचे. एकाच जागी आधी हलका दाब, मग मध्यम, मग बरगडी लागेल इतका. हासळीच्या हाडापासून स्तनाखालच्या घडीपर्यंत पट्ट्यापट्ट्यांनी, आणि शेवटी काख. घाईत हे होत नाही.

निकाल २०२१ मध्ये आला. तपासलेल्या गटात पुढच्या टप्प्यातले रुग्ण कमी होते. मृत्यू १५ टक्क्यांनी कमी दिसले, पण हा फरक योगायोगाचाही असू शकेल इतपतच होता. पन्नाशी ओलांडलेल्यांत मात्र घट जवळजवळ ३० टक्के. पन्नाशीच्या आत लाभ नाही. वयाची ही फोड मागाहून केलेली असल्याने ती जपून वाचावी लागते. ज्यांना केवळ लक्ष ठेवण्यापुरते सामील केले त्या स्त्रियांवर अन्याय झाला का, हा वादही झाला. आधी चाचणी वाचावी आणि मग हा वाद, असे मी सुचवेन.

स्वतःच स्वतःची महिन्याला तपासणी करण्याचे काय? शांघायच्या कापड गिरण्यांतल्या सुमारे २ लाख ६६ हजार कामगार स्त्रियांवर ही चाचणी झाली. मृत्यू कमी झाले नाहीत. निरुपद्रवी गाठींसाठी केलेल्या बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासण्या) मात्र वाढल्या. याचा अर्थ शरीराकडे पाहू नये असा नाही. आंघोळीच्या वेळी नवीन काही जाणवले तर ते ओळखता यायला हवे : न दुखणारी कडक गाठ, आत ओढले गेलेले स्तनाग्र, त्यातून रक्तमिश्रित स्राव, संत्र्याच्या सालीसारखी झालेली त्वचा, बरी न होणारी स्तनाग्राची खपली, काखेतली गाठ. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, तरुण मुलींत तर त्या फारच क्वचित कर्करोगाच्या निघतात. पण ‘दुखत नाही म्हणजे काही नाही’ आणि ‘दूध साकळले असेल’ ही दोन वाक्ये आपल्याकडे जितके महिने वाया घालवतात, तितके दुसरे काही घालवत नसेल. पुरुषांनाही हा रोग होतो, शंभर रुग्णांत एखादा पुरुष असतो.

उपचारांची दिशा बायोप्सीच्या अहवालातल्या तीन ओळींवर ठरते : ईआर, पीआर (ही दोन संप्रेरकांची ग्राहके) आणि हर-२ (एक प्रथिन). पहिल्या दोन्ही किंवा त्यांतली एक होकारार्थी असेल तर संप्रेरक रोखणाऱ्या गोळ्या पाच-दहा वर्षे. त्यांतली टॅमॉक्सिफेन गर्भनिरोधकाच्या शोधातून निघालेली. त्या कामी ती फसली. हर-२ होकारार्थी असेल तर ट्रास्टुझुमॅब, तिन्ही नकारार्थी असतील तर प्रामुख्याने केमो. शस्त्रक्रिया आधी की केमो आधी, हे गाठीच्या आकारावर आणि जातीवर ठरते. सगळे नवे उपचार महागच असतात असेही नाही. टाटा स्मारकच्या पुढाकाराने भारतात १,६०० स्त्रियांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शस्त्रक्रियेआधी गाठीभोवती साधे भूल देणारे लिडोकेन टोचले. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेले. इतर देशांत हे पडताळले गेले पाहिजे. पण दात काढताना वापरतात ते औषध इथे उपयोगी पडावे, याची गंमत वाटते.

आणि तरीही मुख्य अडचण औषधांची नाही. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार भारतात त्या वर्षी सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि ९८ हजार मृत्यू. सरकारच्या २०१६ च्या आराखड्यात तीस ते पासष्ट वयाच्या प्रत्येक स्त्रीची दर पाच वर्षांनी हाताने तपासणी व्हावी असे लिहिले आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी कधीतरी स्तनतपासणी झालेल्यांचे प्रमाण ०.९ टक्के होते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, लक्षण घेऊन स्त्री दवाखान्यात आली की साठ दिवसांत निदान पुरे व्हावे. आपल्याकडे पुष्कळदा तिला दवाखान्यात यायलाच त्याहून जास्त दिवस लागतात. मग सोनोग्राफी एका गावी, बायोप्सी दुसऱ्या, अहवाल तिसऱ्या.

वाचकाने प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचावीत. आकड्यांचा कंटाळा येणाऱ्याने उपचारांपासून सुरुवात केली तरी चालेल. मात्र स्वतःला किंवा घरात कुणाला गाठ लागली म्हणून हे पुस्तक हाती घेतले असेल, तर ते मिटून ठेवा आणि आधी तपासून घ्या.