परसातील स्वयंपाकघर (आदिलाबाद जिल्हा)

परसातील स्वयंपाकघर : घराबाहेर, अंगणात किंवा परसात, चूल, ओटा, पाणी आणि सावली यांची कायमची सोय करून केलेली रांधण्याची जागा. तेलंगणात पैनगंगेच्या दक्षिणेस असलेल्या आदिलाबाद जिल्ह्यात मराठी, तेलुगू, गोंडी अशा सगळ्याच घरांत बाहेरची चूल ओळखीची आहे. ती हौसेची नाही. मे महिन्यात पारा 45 अंशांकडे सरकला की पत्र्याखाली जाळ नकोसा होतो. थंडीत पहाटे तोच पारा एक आकडी होतो आणि आंघोळीचे पाणी बाहेरच तापते. कुरडयांचा चीक घाटायचे पातेले तर आतल्या ओट्यावर मावतच नाही.

आखणी वाऱ्यापासून सुरू करावी. बहुतेक जण आधी फरशी पसंत करतात आणि धूर माजघरात शिरू लागला की मग दिशा शोधतात. उन्हाळ्यात येथे वारा प्रामुख्याने पश्चिम-वायव्येकडून येतो. त्यामुळे घराच्या आग्नेयेला चूल मांडली की धूर घराकडे वळत नाही. वास्तुशास्त्र मानणारे आणि न मानणारे या कोपऱ्यावर भांडत नाहीत. चुलीचे तोंड मात्र थेट वाऱ्यावर नसावे. पश्चिमेला कमरेएवढी आडभिंत पुरते. ती उंच केली तर धूर तिच्याआड घुटमळतो.

दुसरी अडचण पायाखाली असते. कपाशीची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट बांधलेला ओटा दोन-तीन हंगामांत तडकतो. म्हणून ती खोदून काढून मुरूम भरतात, धुम्मस करून ठोकतात आणि मगच ओटा उचलतात. उभ्याने काम करायचे तर ओट्याची उंची सुमारे पावणेतीन फूट. वर तांदूर किंवा कडप्पा फरशी चालते, पण जाळाला लागून ती ठेवू नये, तापून फुटते. चुलीभोवती विटा आणि मातीच बरी. ही माती कालवताना तिच्यात भुसा आणि शेण घालतात. नुसती माती वाळताना उकलते. चुलीला जोडून वैल ठेवला की भाकरी होईतो त्याच जाळाच्या धगीवर वरण शिजत राहते.

सरपण म्हणजे पऱ्हाट्या आणि तुराट्या. त्या भडकून जळतात, लवकर संपतात आणि ठिणग्या फार उडवतात. दिवाळीनंतर घरोघरी वेचलेला कापूस रचलेला असतो, त्यामुळे चूल आणि कापसाची खोली यांच्यात शक्य तेवढे अंतर ठेवणे ही आखणीतली पहिली अट मानावी. पऱ्हाट्यांची गंजीही दूरच हवी, आणि ती पुढच्या पेरणीपर्यंत जपू नये : गुलाबी बोंडअळी तिच्यात तग धरून राहते.

गॅसची शेगडी बाहेर आणल्यास सिलिंडर खड्ड्यात किंवा बंद कपाटात ठेवू नये. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तळाशी साचतो; कपाटाला तळाशीच झरोके हवेत. पाण्याची टाकी, कापाकापीची जागा आणि चूल दोन-तीन पावलांत असावीत. खरकटे पाणी शोषखड्ड्यात सोडावे.

उघड्यावरच्या सामूहिक रांधण्याचे येथील ठळक उदाहरण इंद्रवेल्ली मंडळातील केसलापूरच्या नागोबा जत्रेत दिसते. पौष अमावास्येला भरणाऱ्या या जत्रेत मेसराम कुळातील गोंड कुटुंबे मंदिरालगतच्या ‘गोवाड’ या आवारात उतरतात. कुटुंबे शेकड्यांनी आली तरी चुली 22 च असतात, कुळाच्या शाखांप्रमाणे वाटून दिलेल्या. चूल वाढवण्याऐवजी पाळी लावली जाते. पूजेसाठी लागणारी मडकी सिरीकोंडा येथील कुंभार नवी घडवून देतात.