कमानपाटे, ट्रकच्या पुढील आसाचे

वाहनाचा सांगाडा आसावर लवचिकपणे तोलून धरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या, एकावर एक रचून मध्यभागी बोल्टने जखडलेल्या वक्र पोलादी पट्ट्यांच्या जुडग्यास कमानपाटा म्हणतात. सर्वांत लांब पट्टीची दोन्ही टोके वळवून त्यांचे डोळे केलेले असतात. एक डोळा सांगाड्यास पिनेने स्थिर जोडतात व दुसरा शॅकल ऊर्फ झुलत्या कडीस अडकवितात. भार वाढला की पाटा सपाट होऊन लांबतो आणि ही लांबी कडी सामावून घेते. मागील आसाच्या पाट्याने भार पेलला व आस जागेवर ठेवला की त्याचे काम बहुतांशी पुरे होते. पुढील आसाच्या पाट्यावर मात्र चाके वळविण्याच्या यंत्रणेची अचूकताही अवलंबून असते. यामुळे ट्रकचा मूळ पुढील आस काढून दुसरा बसविताना पाट्यांची निवड हा सर्वांत नाजूक प्रश्न ठरतो.

लंडनमधील घोडागाड्यांचे कारागीर ओबाडाया एलियट यांनी १८०४ मध्ये दीर्घवर्तुळाकार पाट्यांचे एकस्व मिळविले. त्यापूर्वी गाडीच्या पुढील व मागील आसांना जोडणारी जड लाकडी तुळई आवश्यक असे. एलियट यांच्या रचनेमुळे ती अनावश्यक ठरली व गाड्या हलक्या झाल्या. मोटारगाडीने हा वारसा जवळजवळ जसाच्या तसा उचलला. फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडीत (१९०८) पुढे एकच आडवा पाटा होता. ट्रकसाठी मात्र सांगाड्याच्या दोन्ही अंगांस, लांबीच्या दिशेने बसविलेले अर्धदीर्घवर्तुळाकार पाटे रूढ झाले व तीच रचना टिकली.

पुढील आस केवळ भार वाहणारा होता तोवर प्रश्न सोपा होता. पुढील चाकांनाही एंजिनाची शक्ती देण्याची कल्पना आली तेव्हा तो बदलला. विस्कॉन्सिनमधील क्लिंटनव्हिल येथे ऑटो झॅकोव व विल्यम बेसरडिक यांनी १९०८ च्या सुमारास चार चाकी चालनाची गाडी यशस्वी केली. त्यांच्या कंपनीचे ट्रक पहिल्या महायुद्धात मोठ्या संख्येने वापरले गेले. इंडियानापोलिस येथील मार्मन-हेरिंग्टन या कंपनीने (स्थापना १९३१) तयार फोर्ड ट्रकांना १९३५ पासून चालित पुढील आस बसवून देण्यास सुरुवात केली. आसबदलाचा व्यवसाय म्हणून हे महत्त्वाचे उदाहरण होय. १९५० नंतरच्या दशकात मिनिॲपोलिसच्या नॅपको कंपनीने शेव्हरोले व जीएमसी ट्रकांसाठी असेच संच विकले. १९५७ पासून शेव्हरोलेने व १९५९ पासून फोर्डने चार चाकी चालनाचे हलके ट्रक स्वतःच्या कारखान्यातूनच देऊ केले.

प्रवासी मोटारींचा मार्ग याच काळात वेगळा झाला. एकसंध आसाची दोन्ही चाके परस्परांशी बांधलेली असल्याने एका चाकाचे उचलणे दुसऱ्यास जाणवते आणि फिरत्या चाकांच्या घूर्णी परिणामामुळे विशिष्ट वेगास दोन्ही चाके डावीउजवीकडे थडथडू लागतात. या दोलनास ‘शिमी’ म्हणतात. जनरल मोटर्समध्ये मॉरिस ऑली यांनी यावर दीर्घ काम केले व १९३४ मध्ये त्या कंपनीच्या मोटारींत स्वतंत्र पुढील निलंबन आले. चार चाकी चालनाच्या ट्रकांत हा बदल फार उशिरा झाला. फोर्डने १९८० मध्ये दोन झुलत्या तुळयांचा आस आणला, टोयोटाच्या चार चाकी चालनाच्या छोट्या ट्रकाचा एकसंध पुढील आस १९८६ च्या प्रतिरूपात गेला आणि शेव्हरोलेने १९८८ मध्ये स्वतंत्र निलंबन स्वीकारले. गुळगुळीत रस्त्यावर हा लाभच होता. खडकाळ वाटेवर चालणाऱ्यांना मात्र सांध्यांची वाढलेली संख्या व चाकांची मर्यादित उचल अडचणीची वाटली. त्यांनी जुन्या ट्रकांचे भक्कम आस आणून नव्या ट्रकांखाली बसविण्यास सुरुवात केली. एक पिढी मागे जाण्याचा हा प्रकार तांत्रिक इतिहासात विरळाच म्हणावा लागेल.

अशा बदलात पहिला विचार पाट्याच्या ताठरतेचा करावा लागतो. ताठरता पट्ट्यांची संख्या व रुंदी यांच्या सम प्रमाणात, जाडीच्या घनाच्या सम प्रमाणात व लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. उदा., ७ मिमी. जाडीच्या व ६० मिमी. रुंदीच्या पाच पट्ट्यांचा १,२०० मिमी. लांबीचा पाटा गणिताने दर मिमी.ला सुमारे ३२ न्यूटन ताठरतेचा येतो. लांबी फक्त एकदशांशाने वाढवून १,३२० मिमी. केली, तर ती सुमारे २४ वर उतरते. ५,००० न्यूटन भाराखाली पहिला पाटा सुमारे १५७ मिमी. व दुसरा सुमारे २०९ मिमी. दबेल. म्हणून मऊ व लांब चाल हवी असल्यास पट्ट्या कमी करण्यापेक्षा लांब पाटा घेणे हितावह असते, कारण पट्ट्या कमी केल्यास राहिलेल्यांतील प्रतिबल वाढून त्या लवकर मोडतात. गाडी उंच करण्यासाठी मूळ पाट्यात नुसत्या जाड पट्ट्या भरण्याची पद्धत सर्वत्र दिसते. ती स्वस्त असली, तरी उंचीबरोबर येणाऱ्या ताठरतेमुळे चाक खड्ड्यात उतरण्याऐवजी गाडीच उसळते. पट्ट्यांमधील घर्षण थोडेफार दोलनशामक ठरते, पण लहान धक्के ते जसेच्या तसे सांगाड्याकडे पाठविते. टोकांकडे निमुळत्या होत गेलेल्या मोजक्या पट्ट्यांच्या अन्वस्तीय पाट्यांत हे घर्षण पुष्कळच कमी असते.

दुसरा आणि अधिक वादाचा प्रश्न कडी पुढे असावी की मागे, हा होय. कमानीच्या आकाराचा पाटा दबताना आस स्थिर डोळ्यापासून दूर सरकतो. कडी पुढे असेल, तर खड्ड्याच्या कडेस वा दगडास चाक लागले असता आस वर जाताना पुढेही, म्हणजे अडथळ्याच्याच दिशेने, सरकतो व धक्का कठोर बसतो. कडी मागे असेल, तर आस वर व मागे सरकून धक्का सौम्य होतो. शिवाय ब्रेक लावताना पाट्याचा पुढील भाग ताणाखाली राहतो. एवढ्यावरून कडी मागेच हवी असा निष्कर्ष काढला जातो, परंतु तो घाईचा आहे. जुन्या रचनेत सुकाणूची पेटी आसाच्या मागे असे व तिच्यापासून एक लांब दांडा पुढे येऊन चाकाच्या भुजेस मिळे. स्थिर डोळाही मागेच असल्यास आसाचा व दांड्याच्या टोकाचा मार्ग जवळजवळ एकच राही आणि चाक वरखाली झाले तरी दिशा बदलत नसे. दुसऱ्या महायुद्धातील विलिस जीपमध्ये (१९४१–४५) कडी पुढेच होती; तिच्या वंशातील गाड्यांनी ही प्रथा १९९५ पर्यंत पाळली. शेव्हरोलेच्या १९७३ नंतरच्या चार चाकी चालनाच्या ट्रकांत कडी मागे होती. सुकाणूचा दांडा न बदलता केवळ कडीची जागा उलटविली, तर प्रत्येक उंचवट्यावर गाडी आपोआप एका बाजूस वळू पाहते. वेगात असलेल्या अवजड ट्रकाच्या बाबतीत हे जिवावर बेतणारे आहे. आडवा दांडा वापरणाऱ्या रचनेत ही अडचण बरीच कमी होते, मात्र तेथे दांड्याचा कल आसाशी शक्य तितका समांतर ठेवावा लागतो.

पाटा आसाच्या खाली असावा की वर, हेही ठरवावे लागते. वर बसविल्यास आसाच्या नळीचा व्यास आणि पाट्याची जाडी यांच्या बेरजेइतकी उंची ताठरता न वाढविता मिळते. पण गाडीचे गुरुत्वमध्य वर जाते आणि चालन व रोधन यांच्या पिळामुळे पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा वाकण्याची प्रवृत्ती वाढते. ब्रेक लावताना आसाचा वरचा भाग पुढे कलतो, त्यामुळे चाकाच्या खिळ्याचा मागील कल (कॅस्टर) घटतो व नेमक्या त्याच क्षणी सुकाणूचा आपोआप सरळ होण्याचा गुण क्षीण होतो.

निवडीस काही मर्यादा आसच घालून देतो. फोर्डच्या १९८५ नंतरच्या एफ-३५० ट्रकातील ‘डॅना ६०’ आसाचा गोळा डाव्या बाजूस असतो, तर शेव्हरोलेच्या के-३० मधील (१९७७ पासून) त्याच नावाच्या आसाचा उजव्या बाजूस. गोळ्याच्या बाजूची पाट्याची बैठक ओतीव भागातच असल्याने दोन पाट्यांमधील अंतर फारसे बदलता येत नाही. याउलट नळीवरील बैठक वितळजोडाने बसविताना तिचा कोन चुकला, तर खिळ्याचा कल व मागे जाणाऱ्या चालक दंडाचा कोन दोन्ही एकदमच बिघडतात. एक सुधारू गेल्यास दुसरा बिघडतो. अशा वेळी आसाची टोके कापून, फिरवून पुन्हा जोडण्यावाचून इलाज राहत नाही. पूर्ण भार घालून गाडी स्वतःच्या चाकांवर उभी केल्यावाचून बैठक कायम जोडू नये, हा अनुभवी कारागिरांचा संकेत यामुळेच पडला आहे.

भारतात मुंबईस १९४७ पासून महिंद्र कंपनीने विलिस जीप जोडण्यास सुरुवात केली व पुढे कडी असलेले पाटे येथील गॅरेजांच्या चांगल्या परिचयाचे झाले. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळे पडतील असे फेरफार करण्यास मनाई असल्याने वेगळ्या प्रकारचा आस बसविण्यास येथे फारसा वाव नाही. काम मुख्यतः बसलेले पाटे पुन्हा कमानीत आणणे व मोडलेली पट्टी बदलणे एवढेच चालते. निकामी झालेल्या पाट्यांचे पोलाद मात्र वाया जात नाही. महाराष्ट्रातील लोहार त्यापासून कोयते, विळे व कुऱ्हाडी घडवितात आणि ‘कमानपाट्याचा कोयता’ ही बाजारात टिकाऊपणाची ग्वाही मानली जाते.